लोकांसमोर पहिल्यांदा बोलायचंय? मग पाठांतर बाजूला ठेवा

"अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." मराठी शाळेत गेलेल्या जवळपास प्रत्येकाला हे वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. सातवीत असताना १ ऑगस्टला, म्हणजे टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती दोन्ही एकाच दिवशी, मी हेच वाक्य घेऊन उभा राहिलो, शेंगांच्या टरफलांची गोष्ट अर्धी सांगितली आणि पुढचं वाक्य गेलं ते गेलंच. सगळी शाळा गप्प. मी खाली बसलो आणि त्यानंतर कॉलेज संपून नोकरी लागेपर्यंत कुठल्याच कार्यक्रमात उभं राहून बोललो नाही. आता गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या एका खोलीत आम्ही पंधरा-वीस जण जमतो आणि बोलायचा सराव करतो, त्यात शिक्षक आहेत, बचतगटाच्या ताई आहेत, मुलाखतीची तयारी करणारी पोरं आहेत, आणि नवीन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकात मला तोच सातवीतला घोटाळा दिसतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, ज्याला पहिल्यांदा पाच मिनिटं बोलायचंय त्याच्यासाठी.

घोटाळा असा की आपल्याला भाषण म्हणजे पाठ केलेला निबंध असं शिकवलं गेलंय. शब्दन्‌शब्द पाठ केलं की प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या शेपटाला बांधलेलं असतं, एक मणी निसटला की अख्खी माळ घरंगळते, आणि डोकं शब्द शोधण्यात इतकं गुंतलेलं असतं की समोर माणसं बसलीयेत याचं भानच राहत नाही. आता हेच बघा, काल बाजारात काय झालं हे तुम्ही घरी सांगता तेव्हा काही पाठ केलेलं असतं का? नसतं, तरी अडत नाही, कारण तुम्हाला घडलेलं आठवत असतं, शब्द आपोआप येतात, आणि समोरच्याचा चेहरा बघून तुम्ही मध्येच "अगं तो नाही का, कोपऱ्यावरचा" असं जोडता. लोकांसमोर बोलणं म्हणजे तेच, फक्त जरा मोठ्या आवाजात, जरा आखून आणि वेळ सांभाळून. स्पर्धेत नंबर काढायचा असेल तर वेगळी गोष्ट, तिथे परीक्षकांना आवेश लागतो, पण ग्रामसभेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसात, शाळेच्या पालकसभेत आवेशाचा काही उपयोग नाही, उलट लोक सावध होतात.

तर पहिली पायरी बोलायची नाहीच, ऐकायची आहे. आमच्या वर्गात नवीन आलेल्याला आम्ही पहिले दोन रविवार भाषण करू देत नाही. दोघांची जोडी लावतो, एकानं तीन मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल सांगायचं, दुसऱ्यानं मध्ये काहीही बोलायचं नाही, फक्त "हं" म्हणायचं, आणि मग त्यानं जे ऐकलं ते परत सांगायचं आणि विचारायचं, बरोबर समजलो का मी? ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, पहिल्या वेळी जवळपास सगळे निम्मं विसरतात, कारण समोरचा बोलत असताना आपण आपलं उत्तर तयार करत असतो. आजी गोष्ट सांगताना हुंकार द्यायला लावायची ना, हुंकार थांबला की गोष्ट थांबायची, त्यात फार मोठं शहाणपण होतं असं मला आता वाटतं, कारण बोलणं एकट्याचं नसतंच, ऐकणारा अर्धं काम करत असतो. हा हुंकार ओळखायला शिकलात की हॉलमध्ये दोनशे माणसं असली तरी तो दिसतो: माना हलतात, कुणी शेजारच्याला कोपरानं ढोसतो, कुणी पुढे सरकून बसतो. आणि हुंकार गेला की तेही दिसतं, मोबाईल बाहेर निघतात. मोबाईल निघाले की आवाज चढवू नका. समोरच्याला थेट एखादा प्रश्न विचारा किंवा सरळ पुढच्या मुद्द्यावर या.

आता तयारी. कागद घ्यायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: कार्यक्रमाला आलेला माणूस घरी गेला आणि जेवताना बायकोनं विचारलं, काय म्हणाले हो ते, तर त्यानं एका वाक्यात काय सांगावं असं मला वाटतं? ते वाक्य लिहा. लिहिता येत नसेल तर भाषण अजून तयार नाही, मग कितीही सुविचार गोळा करा. आमच्याकडे एक अंगणवाडी सेविका येतात, त्यांना गावच्या ग्रामसभेत अंगणवाडीच्या गळक्या छताबद्दल बोलायचं होतं. पहिल्या रविवारी त्यांनी लिहून आणलेलं "मुले ही देवाघरची फुले" पासून सुरू होत होतं, मग बालपण, मग देशाचं भविष्य, आणि छत आलं थेट शेवटच्या परिच्छेदात. आम्ही विचारलं, ताई, तुम्हाला नेमकं काय हवंय? त्या म्हणाल्या, "पत्रे बदलायचा ठराव." बास, हेच ते वाक्य. मग त्यांनी जे तयार केलं ते साधारण असं होतं: सरपंच ताई, ग्रामसेवक भाऊसाहेब, आपल्या अंगणवाडीत २८ मुलं येतात. पाऊस आला की मी त्यांना एका कोपऱ्यात सरकवते आणि पोषण आहाराची पोती दुसऱ्या कोपऱ्यात. गेल्या पावसाळ्यात दोन पोती भिजली, ती मला फेकून द्यावी लागली. पाऊस सुरू व्हायच्या आत पत्रे बदलायचा ठराव आज व्हावा आणि तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला जावा. संपलं. एक मिनिटसुद्धा नाही लागत.

यात काय काय आहे बघा. ॲरिस्टॉटलनं तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की माणसाला पटवायला तीन गोष्टी लागतात, बोलणाऱ्यावर विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनात हलणारं काहीतरी, आणि युक्तिवाद. ताईंनी ॲरिस्टॉटल वाचलेला नाही पण तिन्ही गोष्टी आल्या: मुलांना सरकवणारी ती स्वतः आहे म्हणून विश्वास, भिजलेली पोती डोळ्यापुढे येतात म्हणून मन हलतं, आणि पावसाच्या आत का तर पोती परत भिजतील, हा झाला युक्तिवाद. "मुले ही देवाघरची फुले" यात तिन्हीपैकी एकही नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, विशेषणं काढा आणि वस्तू घाला. "अत्यंत दयनीय अवस्था" म्हणण्यापेक्षा "दोन पोती भिजली" म्हणा, लोक दयनीय विसरतील, पोतं विसरणार नाहीत.

थोडक्यात बोलण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते सांगायला मला आवडतं. १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्गच्या रणभूमीवर सैनिकांच्या दफनभूमीचा कार्यक्रम होता, मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट, त्या काळचे फार नावाजलेले, ते दोन तास बोलले. नंतर अब्राहम लिंकन उठले आणि जेमतेम २७० शब्द, दोन-तीन मिनिटांत खाली बसले. आज जग लिंकनचं भाषण शिकवतं. खुद्द एव्हरेटनी दुसऱ्या दिवशी लिंकनना पत्र लिहून कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत ज्या मुद्द्याला हात घातलात त्याच्या जवळपास मी दोन तासांत पोचलो असतो तरी धन्य झालो असतो. मला यात एव्हरेटचंही मोठेपण वाटतं.

पण जेव्हा खरंच वीस-तीस मिनिटं बोलायचं असतं तेव्हा एका वाक्यानं भागत नाही, तिथे बांधणी लागते, आणि त्यासाठी दूर जायची गरज नाही, आपल्याकडे कीर्तन आहे. वारकरी कीर्तनकार काय करतो, एकच अभंग घेतो. तो गाऊन घेतो, मग एकेक चरण उलगडत जातो, त्यात पुराणातली गोष्ट येते, सासू-सुनेची येते, कालच्या पेपरातली येते, माणूस पार कुठल्या कुठे जातो, पण दर वेळी परत ध्रुपदावर, म्हणजे अभंगाच्या पालुपदावर येतो, टाळकरी ते उचलतात, आणि मध्ये ज्याचा डोळा लागला होता त्यालाही कळतं की आपण कुठे आहोत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात, म्हणजे आधी विचार आणि मग तोच विचार जगलेल्या कुणाची तरी गोष्ट. हे दोन्ही साचे आपल्या भाषणाला जसेच्या तसे चालतात. तुमचं ते एक वाक्य म्हणजे ध्रुपद. तीन चरण म्हणजे तीन मुद्दे, तीनच, पाच नाही. प्रत्येक मुद्द्याला एक गोष्ट किंवा एक आकडा, आणि मुद्दा संपला की परत ध्रुपद, पण दर वेळी त्याच शब्दांत नको, थोडं वळवून.

आणि मुद्दा बदलताना तसं सांगा. २५ नोव्हेंबर १९४९ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत समारोपाचं भाषण केलं, ते कुठूनही मिळवून वाचा, मराठीत भाषांतरही मिळतं. लोकशाही टिकवायची तर काय करावं लागेल हे सांगताना ते सरळ मोजतात: पहिली गोष्ट ही, की आपली उद्दिष्टं गाठायला घटनात्मक मार्गच धरायचे, दुसरी, की कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहायचं नाही, तिसरी, की नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानायचं नाही, सामाजिक लोकशाही हवी. इतका अवघड विषय, पण ऐकणारा हरवत नाही, कारण आपण कितव्या पायरीवर आहोत हे त्याला माहितीये. वाचणारा मागचं पान उलटू शकतो, ऐकणाऱ्याकडे मागचं पान नसतं, म्हणून ही मोजणी लागते.

कागदावर काय न्यायचं? वहीचं पान नको. पोस्टकार्डाएवढा एक तुकडा, त्यावर पहिलं वाक्य पूर्ण, शेवटचं वाक्य पूर्ण, आणि मध्ये तीन-चार शब्द, नुसते शब्द: "पोती", "२८", "ठराव". नावं आणि आकडे मात्र लिहाच, ते डोक्यावर सोडू नका. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ असू द्या, कारण सुरुवातीला घबराट असते आणि शेवटी गाडी थांबवता येत नाही, "तर एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" म्हणून झाल्यावरही लोक दहा मिनिटं बोलत राहतात हे तुम्हीही पाहिलं असेल.

तालीम मोठ्यानं करायची, मनातल्या मनात केलेली तालीम धरायची नाही. मनात सगळेच उत्तम वक्ते असतात. भांडी घासताना, गाडी चालवताना, शेतात पाणी देताना मोठ्यानं बोला, आणि दर वेळी थोडं वेगळं बोललं गेलं तर बिघडत नाही, उलट तेच हवंय, कारण मग एक वाट बंद झाली तर दुसरी सापडते. दोन-तीन वेळा झालं की मोबाईलवर रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज ऐकवत नाही पहिल्यांदा, सगळ्यांचंच तसं होतं, कारण एरवी आपला आवाज आपण कवटीच्या हाडातूनही ऐकत असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला ऐकू येतो. तो परका आवाजच लोकांना रोज ऐकू येतो आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, त्यामुळे तिकडे दुर्लक्ष करा आणि दोनच गोष्टी बघा, कुठे घाई झाली आणि कुठला शब्द सारखा येतोय. कुणाचा "म्हणजे", कुणाचा "तर", कुणाचा "बेसिकली", कुणाचा नुसता "अंऽऽ". टोस्टमास्टर्स म्हणून संस्था आहे, १९२४ ला राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात सांता आना इथे सुरू केली, आज जगभर क्लब आहेत, आपल्याकडे मुंबई-पुण्यातही आहेत, तिथे दर सभेत असे अडखळे मोजायला एक माणूसच नेमलेला असतो. आम्हीही तेच करतो, नवीन माणसाला पहिल्यांदा आकडा ऐकून धक्का बसतो. उपाय एकच, अंऽऽ यायला लागलं की तोंड मिटा आणि थांबा. तुम्हाला तो थांबा युगाएवढा वाटतो, समोरच्याला तो विचार करायला मिळालेला वेळ वाटतो.

भीतीबद्दल नीट लिहितो कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात. भीती जाईल मग बोलू असं म्हणत बसलात तर बोलणं होणार नाही, माझी अजूनही गेलेली नाही. छातीत धडधड, घशाला कोरड, हात गार पडणं, पोटात गोळा, हे सगळं ॲड्रिनलिनचं काम आहे, शरीराला वाटतं समोर संकट आहे आणि ते पळायची किंवा लढायची तयारी करतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं, थुंकी आटते. म्हणजे यात तुमच्या लायकीचा काही संबंध नाही. करायचं काय तर श्वास. चार आकडे मोजत नाकानं आत, आणि सहा-सात मोजत सावकाश बाहेर, बाहेरचा श्वास लांब हवा, असे पाच-सहा. श्वास घेताना खांदे वर जात असतील तर तो वरवरचा आहे, पोट पुढे आलं पाहिजे. दोन घोट साधं पाणी प्या, थंड नको. कार्यक्रमाला अर्धा तास आधी जा, रिकाम्या हॉलमध्ये उभे राहून शेवटच्या खुर्चीकडे बघा, आणि लोक यायला लागले की चार जणांशी गप्पा मारा, कुठून आलात, काय करता. मग बोलायला उभे राहाल तेव्हा समोर गर्दी नसते, ते चार ओळखीचे चेहरे असतात, त्यांच्याशीच बोला. आणि पहिलं वाक्य बोलायच्या आधी पूर्ण उभे राहा, दोन्ही पाय टेका, एक श्वास घ्या, मग सुरू करा, चालत चालत "नमस्कार" म्हणू नका.

मध्येच विसरलात तर? सांगा सरळ, "एक मिनिट हं, मुद्दा निसटला," कार्ड बघा, पुढचा शब्द घ्या. कुणी काही म्हणत नाही. सातवीत हे मला कुणी सांगितलं असतं तर मी खाली बसलो नसतो.

आता एक गोष्ट जी मला मनापासून लागते, ती म्हणजे भाषेची लाज. आमच्याकडे एक बचतगटाच्या बाई पहिले चार रविवार फक्त बसून राहायच्या. पाचव्या रविवारी म्हणाल्या, मला बोलता येतं हो, पण मी आनि-पानी म्हनते, लोक हसतील. हे ऐकून पोटात तुटलं. "ण" ला "न" म्हणणारी लाखो माणसं या राज्यात आहेत आणि त्यातली कित्येक आयुष्यभर सभेत तोंड उघडत नाहीत, फक्त एवढ्यासाठी की शाळेत कुणीतरी हसलं होतं. गाडगेबाबा आठवा. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, तेही अस्सल वऱ्हाडीत, आणि त्यांचं कीर्तन म्हणजे नुसतं सांगणं नव्हतं, ते लोकांना प्रश्न विचारत जायचे, लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न, असं करत करत माणसाला स्वतःच्याच तोंडानं कबूल करायला लावायचे की कर्ज काढून सण करणं चूक आहे, देवापुढे बकरं कापणं चूक आहे. प्रमाण भाषेत ते झालं असतं का? मला नाही वाटत. तुमची बोली म्हणजे तुमच्या ओळखीचा भाग आहे, ती घेऊनच उभे राहा. फक्त शब्दाचा शेवट खाऊ नका, वाक्याच्या शेवटी आवाज पडू देऊ नका, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं, "आम्ही हे काम करणार..." यानंतर "आहोत" की "नाही" हेच ऐकू आलं नाही तर सगळंच गेलं. ही चूक मी शहरातल्या शुद्ध बोलणाऱ्यांमध्येही तेवढीच बघतो.

सरकारी पत्रकातली भाषा मात्र टाळा. "सदर विषयान्वये", "उपरोक्त बाबींच्या अनुषंगाने", हे कागदावर ठीक, तोंडानं बोलताना ऐकणारा सुटतो. घरी जे बोलता तेच, जरा निवडून.

माईकचं थोडं. माईक तोंडापासून चार बोटांवर धरा आणि किंचित खाली किंवा बाजूला, अगदी समोर धरला तर प, फ, भ आला की फटका बसतो. जाळीवर मूठ आवळू नका आणि माईक घेऊन स्पीकरच्या समोर जाऊ नका, शिट्टी त्यानंच वाजते. टकटक करून किंवा फुंकर मारून तपासू नका, "नमस्कार" म्हणा, कळतंच. मान वळवलीत तर माईकही बरोबर वळवा, नाहीतर आवाज ये-जा करतो. स्टँड आपल्या उंचीला लावून घ्यायला दहा सेकंद लागतात, ती बिनधास्त घ्या, वाकून बोललात तर श्वासच पुरत नाही.

हात, डोळे, चेहरा यावर लोक फार बोलतात, आणि ट्रेनिंगवाले एक आकडा सारखा फेकतात की संवादात शब्दांचं महत्त्व फक्त ७ टक्के, आवाजाचं ३८ आणि देहबोलीचं ५५. कृपया यावर विश्वास ठेवू नका. हे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांवरून आलंय, आणि त्यात एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून एवढंच विचारलं होतं की बोलणाऱ्याच्या भावना काय वाटतात. म्हणजे शब्द एक आणि सूर दुसराच असेल तर लोक सुरावर विश्वास ठेवतात, एवढाच त्याचा अर्थ, आणि हे आकडे सगळ्या संवादाला लावायचे नाहीत हे मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलंय. विचार करा ना, शब्दांना ७ टक्केच किंमत असती तर कन्नड येत नसताना कन्नड भाषण आपल्याला ९३ टक्के कळलं असतं. म्हणून हातांची चिंता सोडा. खिशात, पाठीमागे किंवा छातीवर बांधून ठेवू नका, बाकी ते बोलण्याबरोबर आपोआप हलतात. डोळ्यांचं तेवढं करा, एक वाक्य एका माणसाकडे बघून पूर्ण करा, मग दुसऱ्याकडे, डावीकडचा, मागचा, कोपऱ्यातल्या बायका, स्टेजवरच्या मान्यवरांकडे वळून वळून बोलायचं नाही, ऐकायला लोक समोर बसलेत.

प्रश्न आला तर लगेच उत्तर देऊ नका. आधी तो पूर्ण ऐका, मग सगळ्यांना ऐकू जाईल असा परत सांगा, "दादा विचारतायत की पैसे कुठून येणार", मग उत्तर द्या. यात तुम्हाला विचाराला वेळ मिळतो, मागच्यांना प्रश्न कळतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं माझं ऐकलं. माहीत नसेल तर "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच सांगा. कुणी चिडून बोलला तर त्याच्या चिडण्याला उत्तर देऊ नका, त्यातला प्रश्न तेवढा उचला.

सुरुवात कुठे करायची हे लोक विचारतात. माझ्या मते आभारप्रदर्शन. सगळे टाळतात म्हणून लगेच मिळतं, दोन मिनिटांचं असतं, आणि चुकलं तरी कार्यक्रम झालेला असतो. फक्त नावांची यादी वाचू नका, प्रत्येकाचं नेमकं काम सांगा, "सकाळी सहापासून खुर्च्या लावणारी ही पाच पोरं" म्हटलं की बघा ती पोरं कशी फुलतात. त्यानंतर प्रास्ताविक, मग सूत्रसंचालन, मग भाषण. खेड्यात असाल तर ग्रामसभा आहेच, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा बहुतेकांना माहीत आहेत, आणि बायकांसाठी तर महाराष्ट्रात मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे, पहिल्यांदा तोंड उघडायला याच्यापेक्षा बरी जागा नाही. पुण्यात असाल तर वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसा, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला सुरू केलेली आहे, नुसतं ऐकू नका, वही घेऊन बसा आणि बघा की वक्त्यानं लोकांना कुठे धरलं आणि कुठे सोडलं.

आणि बोलून झाल्यावर त्याच दिवशी "कसं झालं" असं विचारू नका, सगळे छान झालं म्हणतात. दोन दिवसांनी तिथे आलेल्या एखाद्याला गाठून विचारा, मी काय बोललो त्यातलं काय आठवतंय? जे आठवलं ते वहीत लिहा, जे आपल्याला महत्त्वाचं वाटत होतं पण त्याला आठवलं नाही तेही लिहा. अंगणवाडीच्या ताईंनी असंच शेजारणीला विचारलं, तिला २८ आकडा आठवला नाही, ठरावही नीट आठवला नाही, आठवली ती दोन भिजलेली पोती. पुढे पंचायत समितीत त्याच छतासाठी बोलायची वेळ आली तेव्हा ताईंनी सुरुवातच पोत्यांपासून केली.